२००८ ची प्रायमरी पुन्हा मोजताना : नोंद चौथी

मागच्या नोंदीत छाती ठोकून लिहिलं होतं, आयोवा जुळलं, न्यू हॅम्पशायर रविवारी उरकतो. तीन रविवार गेले. दोन न्यू हॅम्पशायरने खाल्ले आणि एक माझ्याच फॉर्म्युल्याने.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात झालेली डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत शर्यत मी एक्सेलमध्ये राज्यागणिक परत मांडतोय. राज्याराज्यातलं त्यासाठीचं मतदान म्हणजे प्रायमरी. जनमत चाचण्यांची सरासरी, पडलेली मतं आणि पदरात पडलेले डेलिगेट (उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी), असे तीन रकाने शेजारी शेजारी. पाठिंबा किती सरकला आणि त्यातून डेलिगेट किती हलले, एवढंच बघायचंय.

३ जानेवारीला आयोवात ओबामा ३७.६ टक्के, तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.४. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर. मधल्या चाचण्यांची सरासरी ओबामांना साधारण आठ टक्क्यांनी पुढे दाखवत होती आणि जिंकल्या क्लिंटन, ३९.१ विरुद्ध ३६.५. 'चाचण्या आपटल्या' असं मीही इतकी वर्षं म्हणत आलो. पण रकाने शेजारी ठेवल्यावर दिसलं की ओबामांचा आकडा चाचण्यांनी जवळपास बरोबर पकडला होता, अडतीसच्या आसपास. चुकला तो क्लिंटन यांचा. तिशीच्या घरातून थेट ३९. म्हणजे ओबामांची मतं फुटलीच नव्हती. एकतर काठावरचे लोक शेवटच्या घटकेला क्लिंटन यांच्याकडे उतरले, नाहीतर त्यांचे मतदार चाचणीवाल्यांच्या हातीच लागले नव्हते. पोर्ट्समथच्या कॅफेत क्लिंटन यांचा गळा दाटून आला तो प्रसंग आदल्याच दिवशीचा, पण सगळं श्रेय त्याला देणं मला पटत नाही. मतपत्रिकेवर त्यांचं नाव वरच्या बाजूला होतं आणि ओबामांचं पार खाली, हेही विसरू नका.

आणि एवढ्या उलथापालथीतून डेलिगेट किती निघाले? क्लिंटन ९, ओबामा ९, एडवर्ड्स ४. हा तिसरा रकाना भरला तेव्हा मी जोरात हसलो. घरच्यांनी आतून विचारलं, काय झालं. सांगायला गेलो नाही.

आता फॉर्म्युल्याची गंमत. मी प्रत्येक मतदारसंघाला सरळ राउंड लावला होता आणि बेरीज जुळेना. समजा, चार डेलिगेटांचा मतदारसंघ आहे आणि मतं ४६, ३८, १६. गुणाकार येतो १.८४, १.५२, ०.६४. राउंड केलं की २, २, १, म्हणजे चार जागांवर पाच माणसं! खरी रीत अशी की आधी पूर्णांक वाटायचे, मग उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकाला द्यायच्या. तसं केल्यावर २, १, १. अडतीस टक्केवाल्याला एक आणि सोळावाल्यालाही एकच. पण तिसऱ्याची दोनच टक्के मतं दुसऱ्याकडे गेली की हा गडी १५ टक्क्यांच्या उंबरठ्याखाली जातो, हिशोबातूनच बाद होतो आणि वाटणी होते २-२. मग ही वाढीव जागा सरकलेल्या दोन टक्क्यांची की आधीच्या अडतीसची, हे सांगायचं कसं?

दोघंच उरले की खेळ सम-विषमचा. चार जागांमध्ये ३-१ करायला ६२.५ टक्के लागतात, त्याखाली सगळं २-२. पाच जागा असतील तर एका मताच्या आघाडीवरही ३-२. नेवाडात १९ जानेवारीला क्लिंटन ५१-४५ ने पुढे, तरी डेलिगेट ओबामा १३, क्लिंटन १२. ही ओळ मी चारदा तपासली. ओबामांना राज्याच्या उत्तरेकडच्या, ग्रामीण भागाने हात दिला.

५ फेब्रुवारी, सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान. सगळी राज्यं अजून भरली नाहीत, फक्त माझी लाडकी जोडी भरली. न्यू जर्सीत लाखांनी मतदान, डेलिगेट क्लिंटन यांच्या बाजूने ५९-४८, नफा ११. आयडाहोत कॉकसला (सभेत जमून उमेदवार निवडायची पद्धत) जेमतेम एकवीस हजार माणसं, ओबामा १५-३, नफा १२. छोट्या कॉकस राज्यांत क्लिंटन यांच्या मंडळींनी फारसं लक्षच घातलं नाही. माझ्या मते शर्यत तिथेच हातची गेली, टेक्सास-ओहायोच्या बऱ्याच आधी.

टेक्सास अर्धवट आहे. तिथे राज्य सिनेटच्या ३१ मतदारसंघांनुसार वाटणी, शिवाय प्रायमरीनंतर त्याच रात्री कॉकस. प्रायमरीचे ६५-६१ क्लिंटन यांच्या बाजूने जुळले. कॉकसचे ३८-२९ ओबामांच्या बाजूने पुढच्या वेळी. एकूण ९९-९४ ओबामा यायला हवेत.

मिशिगनने मात्र हात टेकायला लावले. नियम मोडून मतदान आधी घेतलं, ओबामांचं नाव मतपत्रिकेवर नाहीच, चाळीस टक्के मतं 'कोणीही नाही'च्या खात्यात. ३१ मे रोजी पक्षाच्या समितीने क्लिंटन ६९, ओबामा ५९ अशी विभागणी केली, तीही प्रत्येकी अर्ध्या मताची. कुठल्याही टक्केवारीतून हा आकडा काढता येत नाही. दोन्ही खाने पिवळे केले आणि हाताने भरले.