हिरवा बिल्ड आणि न पोचलेला फ्लॅग

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हे रडगाणं आपण सगळ्यांनीच गायलंय. माझ्या बाबतीत लॅपटॉपवर मोडत होतं आणि पाइपलाइन (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या) मात्र रोज रात्री हिरवीगार, म्हणजे पास.

आमचं ऑफिस बडोद्यात, अलकापुरीला. आमची टीम एक छोटी कंपोनंट लायब्ररी, म्हणजे तयार कोड-तुकड्यांचा संच, सांभाळते. नव्या प्रोजेक्टात ती बसवायला एक सेटअप स्क्रिप्ट आहे. रोज रात्री गिटलॅबवर (कोड ठेवायची आणि तपासायची सेवा) दोन जॉब, म्हणजे आपोआप होणारी कामं, चालतात: एक कोरा टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टवरच बेतलेली भाषा) प्रोजेक्ट उभा करून त्यात लायब्ररी बसवतो, दुसरा तेच जावास्क्रिप्ट प्रोजेक्टात करतो. प्रोजेक्टचा सांगाडा तयार करायला बाहेरचं एक तयार कमांड-लाइन टूल. नाव सांगत नाही, कारण अर्धी चूक आमची होती.

एका क्लायंटने कळवलं की जावास्क्रिप्ट प्रोजेक्टात आमची स्क्रिप्ट ‘टीएसकॉन्फिग फाइल सापडली नाही’ म्हणून कोसळते. ही टाइपस्क्रिप्टची सेटिंग फाइल, जावास्क्रिप्ट प्रोजेक्टात ती सहसा नसते. लॅपटॉपवर करून बघितलं, तर खरंच कोसळली. मग तीन आठवडे जावास्क्रिप्टचा जॉब पास कसा होत होता? त्या जॉबमध्ये फोल्डरची यादी छापणारी एक ओळ घातली. यादीत टीएसकॉन्फिग शांतपणे बसलेली. दोन्ही जॉब टाइपस्क्रिप्टच बनवत होते!

कमांडमध्ये ‘जावास्क्रिप्ट हवं’ सांगणारा --जेएस फ्लॅग (कमांडला जोडलेली सूचना) स्पष्ट लिहिलेला. स्पेलिंग दहा वेळा तपासलं, कॅश पुसली, रनरची, म्हणजे जॉब चालवणाऱ्या मशीनची, इमेज बदलली. दोन दिवस यातच गेले. मॅनेजरभाई येता-जाता ‘थई जशे’ (होऊन जाईल) म्हणत होते, त्याने धीर कमी आणि घाम जास्त येत होता.

उलगडा झाला तो टीममधल्या ताईंमुळे. त्या रावपुऱ्यातल्या, माझ्यापेक्षा बऱ्याच सीनियर. मी लॅपटॉपवर तीच कमांड चालवून दाखवत होतो.

‘अरे, हा बाण खाली नेऊन एंटर कशाला दाबलास?’

‘ते जावास्क्रिप्ट की टाइपस्क्रिप्ट विचारतं ना, म्हणून.’

‘फ्लॅग दिलायस, मग विचारतंय कशाला?’

मी गप्प. महिनाभर सवयीने त्या प्रश्नाचं उत्तर देत होतो आणि फ्लॅग चालतोय असं समजत होतो. फ्लॅग टूलपर्यंत पोचतच नव्हता. रनरवर उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून टूल डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरलेलं उत्तर (टाइपस्क्रिप्ट), उचलून पुढे जात होतं.

वाटेत अडवणारा होता एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणून बसवणारा प्रोग्राम. आमची कमांड एनपीएम 6 च्या जमान्यातली. 2020 मध्ये आलेल्या एनपीएम 7 पासून ‘एनपीएम क्रिएट’ला (सांगाडा बनवणारं टूल चालवणारी त्याची कमांड) दिलेले फ्लॅग एनपीएम स्वतःचे समजून गिळतो, पुढच्या टूलला द्यायचे तर आधी एक सुटा -- लिहावा लागतो. तेच टूल एनपीएमसोबतच येणाऱ्या एनपीएक्सने चालवलं, तर पॅकेजच्या नावानंतरचं सगळं थेट टूलला मिळतं. दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवल्या आणि खात्री पटली. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. वाचतो कोण!

-- घातला, जावास्क्रिप्ट आलं, पण ‘एसआरसी (सोर्स कोडचा) फोल्डर नको’ हा फ्लॅग तरीही दुर्लक्षित. लॅपटॉपवर मात्र तो मानला जात होता. गिटलॅब प्रत्येक जॉबमध्ये सीआय नावाचा व्हेरिएबल (इथे आपोआप तपासणी चालू आहे, अशी खूण) ‘ट्रू’ करून ठेवतो आणि अशी टूल्स तो बघून प्रश्न विचारणं बंद करतात. लॅपटॉपवर कमांडच्या आधी सीआय=ट्रू लावलं आणि रनरवरची चूक टेबलावर हजर झाली. हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर! टूलचा कोड उघडला, तर सीआय असताना ‘नको’ सांगितलेलं आणि काहीच न सांगितलेलं यात तो फरकच करत नव्हता. दोन्हीला डिफॉल्ट ‘हो’.

मग मी शहाणपणा करून रनरवर सीआय=फॉल्स केलं. आता टूलला प्रश्न विचारायचा होता, पण टर्मिनल नव्हतं. पहिल्याच प्रश्नाशी ते निमूट बाहेर पडलं, फोल्डर न बनवता, एक्झिट कोड 0, म्हणजे ‘सगळं ठीक’, देऊन. एरर देऊन मेलं असतं तर निदान कळलं तरी असतं.

शेवटी कमांडमधलं ‘लेटेस्ट’ (टूलची सगळ्यात नवी आवृत्ती घे) काढून टाकलं आणि ‘नको’ नीट समजणारी जुनी आवृत्ती नंबरासकट पक्की केली. खाली दोन ओळी टाकल्या: जावास्क्रिप्टच्या जॉबमध्ये टीएसकॉन्फिग किंवा एसआरसी दिसलं, किंवा पॅकेज.जेसन (प्रोजेक्टची मूळ फाइल) दिसलीच नाही, तर तिथेच फेल. ताईंचं म्हणणं होतं की सांगाडाच रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवून द्या, रोज बनवायची हौस कशाला. पण टूलची नवी आवृत्ती आली की आम्हाला ती तपासावीच लागते, म्हणून मी अडून राहिलो. त्यावर अजून वाद आहे, बहुतेक शनिवारी सेव-उसळीच्या गाडीवर.

त्या रात्री जावास्क्रिप्टचा जॉब पहिल्यांदाच लाल झाला. लॉगची शेवटची ओळ: टीएसकॉन्फिग फाइल सापडली नाही. क्लायंटच्या मेलमधलीच. ताईंना स्क्रीनशॉट पाठवला आणि स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसलो.