लाउबरहॉर्नची शर्यत: दोघं जा, दोन ठिकाणी उभे राहा

लाउबरहॉर्न म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन या डोंगरगावातली स्कीची शर्यत. टीव्हीवर तिथली डाउनहिल, म्हणजे भरवेगात डोंगर उतरायची शर्यत, लावली की प्रत्येक स्कीअर अडीच मिनिटं आपला असतो. डोंगरावर उभं राहिलं की तोच स्कीअर तीन-चार सेकंद दिसतो, बाकी सगळं ऐकीव. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तरी मी गेलेच असते म्हणा, पण धाकट्या भावाशी आगगाडीत जे वाजलं ते वाचलं असतं.

आम्ही जानेवारी 2024 मध्ये गेलो. त्या वर्षी वेंगेनला चार दिवसांत चार शर्यती होत्या: गुरुवारी आखूड केलेल्या उतारावर एक डाउनहिल, शुक्रवारी सुपर-जी (डाउनहिलसारखीच वेगाची, पण वळणं जास्त), शनिवारी खरी, पूर्ण उताराची लाउबरहॉर्न आणि रविवारी स्लॅलम, म्हणजे जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरायची शर्यत. एरवी तीन शर्यतींचा बेत असतो, म्हणजे शुक्रवार ते रविवार. तरीही जमलं तर एक-दोन दिवस आधी पोचा. डाउनहिलच्या आधी सराव फेऱ्या होतात, तेव्हा गर्दी नगण्य असते आणि कुठे उभं राहायचं याची रंगीत तालीम आपलीही होते.

वेंगेनला मोटारीने जाता येत नाही. गाडी खाली लाउटरब्रुनेनला ठेवायची आणि दातेरी रुळावरून चढणारी आगगाडी धरायची. हा मार्ग 1893 पासून चालू आहे. एरवी पंधरा मिनिटांचं काम. शर्यतीच्या दिवशी ही पंधरा मिनिटं विसरा. पहिल्या दिवशी आम्ही इंटरलाकेनहून निवांत निघालो, ‘आत्ता कुठे सकाळ आहे’ म्हणत. लाउटरब्रुनेनच्या स्टेशनात रांगेचं टोक शोधायलाच पाच मिनिटं गेली. गळ्यात परातीएवढ्या घंटा अडकवलेली माणसं, त्यांच्या पाठीवरच्या सॅका, आणि मध्ये आम्ही चेंगरलेले. वर पोचलो तेव्हा पहिले काही जण उतरून गेले होते. त्यामुळे सांगते: हातातल्या वेळापत्रकात जी गाडी तुम्हाला सोयीची वाटते तिच्या दोन तास आधीची धरा. वेंगेनमध्ये राहायला मिळालं तर उत्तम, पण संघ, प्रशिक्षक आणि पत्रकार गाव आधीच भरून टाकतात. आम्ही इंटरलाकेनला राहिलो, पुढच्या वेळी लाउटरब्रुनेन बघू.

आता उताराविषयी थोडं, कारण त्याशिवाय जागा निवडता येत नाही. प्रारंभ 2315 मीटरवर, शेवट 1287 वर. लांबी जवळजवळ साडेचार किलोमीटर, स्कीइंगच्या विश्वचषकातली, म्हणजे हंगामभर ठिकठिकाणी चालणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतली, सर्वांत लांब डाउनहिल. बाकी ठिकाणी साधारण दोन मिनिटांच्या आत शर्यत आटोपते, इथे तेवढ्या वेळात मांड्या पेटायला लागतात आणि अवघड वळणं अजून पुढे असतात. वरच्या भागात हुंडशॉप्फ. नावाचा अर्थ कुत्र्याचं डोकं. दोन्ही बाजूंना खडक आणि जाळ्या, मधल्या फटीतून स्कीअर अक्षरशः हवेत फेकला जातो. मग मिन्श-कांटे आणि केर्नेन-एस, दोन्ही नावं तिथे पडलेल्या स्विस स्कीअरांची. त्यातल्या ब्रुनो केर्नेनने पुढे 2003 मध्ये हीच शर्यत जिंकली, हे मला फार आवडतं. पुढे आगगाडीच्या रुळाखालचा अरुंद बोगदा. वरून गाडी, खालून स्कीअर. नंतर हानेगशुस, जिथे 2013 मध्ये फ्रान्सचा योहान क्लारे ताशी 161.9 किलोमीटरने गेला. आणि सगळ्यात शेवटी, पायांत काही उरलेलं नसताना, ते शेवटचं एस-वळण.

गुरुवारी आम्ही वेगाच्या मोहाला बळी पडलो. जिथे सर्वांत जास्त वेग, तिथे सर्वांत जास्त मजा, असा आमचा साधा हिशोब. उताराच्या खालच्या अंगाला जागा धरली. काय दिसलं? एक रंगीत रेघ. तीही कोणाची ते कळायच्या आत गेलेली. स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटने त्या दिवशी विश्वचषकातली आपली पहिली डाउनहिल जिंकली, आणि आमच्या लेखी तो लाल-पांढरा फराटा होता. सरळ धावेच्या जागी कधीही उभं राहू नका. जिथे स्कीअरला काहीतरी करावं लागतं, उडी किंवा वळण, तिथे उभं राहा. आणि जागेवरून मोठा पडदा दिसतोय ना, एवढं बघून घ्या. पडदा नसेल तर कोण पुढे, कोण मागे, काहीच उमगत नाही.

परतीच्या गाडीत वाद सुरू झाला. भावाचं म्हणणं, शेवटच्या रेषेपाशीच थांबायचं: तिथे पडदा आहे, वेळ झळकते, जिंकलेला माणूस समोर हेल्मेट काढतो. माझं म्हणणं, रेषेपाशी बसून निकालच बघायचा तर घरचा सोफा काय वाईट? मला हुंडशॉप्फ बघायचा होता.

‘‘ताई, तू दिवसभर बर्फात उभी राहून एक उडी बघणार?’’

‘‘पन्नास उड्या बघणार.’’

शेवटी ठरलं की शनिवारी दोघांनी दोन ठिकाणी जायचं आणि संध्याकाळी एकमेकांची शर्यत जोडून घ्यायची. आता मी सगळ्यांना हाच सल्ला देते.

हुंडशॉप्फसाठी वेंगेनला न उतरता त्याच गाडीने पुढे वेंगर्नआल्प स्टेशनापर्यंत जायचं आणि मग बर्फातून चालायचं. वाट तुडवलेली असते, पण तुडवलेला बर्फ म्हणजेच गुळगुळीत बर्फ. मी पहिल्या दहा मिनिटांत दोनदा बसले. बुटांना अडकवायचे रबरी काटे मिळतात, ते घ्याच. पायांची आणखी एक गोष्ट: थंडी म्हणून जाड मोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या आणि बूट घट्ट झाले. रक्त खाली उतरेना, बोटं बधिर. एकच चांगला लोकरी मोजा आणि बुटात बोटं हलवता येतील एवढी जागा, हे जास्त उबदार. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दोन्ही पायांखाली अंथरला आणि चार तास त्यावरून हलले नाहीत. दुसरा तुकडा त्यांनी न बोलता माझ्याकडे सरकवला. जर्मन मला येत नाही, त्यांना माझी दया आली होती एवढं कळलं. पाच मिनिटांत तळव्यांतला फरक जाणवला. थंडी वरून नाही, खालून येते.

फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा. थंडीत बॅटरी बघता बघता बसते. गॉगल विसरू नका, बर्फावरून परत येणारं ऊन डोळ्यांना सोसत नाही. आणि शर्यतीआधी हवाई दलाच्या विमानांचं पथक आयगर आणि युंगफ्राऊ या शिखरांसमोरून घिरट्या घालतं, तेव्हा सगळे वर बघत असतात. पुढे सरकायची तीच वेळ.

आधी फोररनर उतरतात, म्हणजे उतार तपासणारे. त्यांना टाळ्या पडतात, पण आपण त्यांच्यावरून कॅमेऱ्याचा अंदाज घ्यायचा. मग पहिला नंबर. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. वरून घंटांचा आवाज घरंगळत येतो, मग कडक बर्फावर कडा घासल्याची खरखर, आणि मग एकदम शांतता, कारण माणूस हवेत आहे. आपटल्याचा ‘थप्प’ आवाज आला की तो गेलेला. टीव्हीवर ही शांतता कधी ऐकू आली नव्हती. तिथे समालोचक बोलत असतो. चार-पाच जण झाल्यावर मला फरक दिसायला लागला. काही जण कड्यावर येताना आधीच अंग दुमडतात आणि उडी आखूड ठेवतात, काहींना हवा उचलून नेते आणि त्यांचे हात क्षणभर पाण्यात पडल्यासारखे फिरतात. ओडरमाट बुटका दिसला, इतका तो दुमडलेला होता.

पहिल्या वीस नंबरांत जवळजवळ सगळे दावेदार येऊन जातात. तिसाव्यानंतर गर्दी परतीच्या गाडीकडे पळते. तुम्ही पळू नका. मला जाळीलगतची जागा चाळिसाव्या नंबरच्या सुमारास मिळाली. तोवर उतार खोदला गेलेला असतो, आणि हे मागच्या नंबरांचे बिचारे त्याच खडकावरून, जास्त वाईट बर्फावर, जवळजवळ रिकाम्या डोंगरासमोर उडी मारतात. त्यांना ओरडून दाद द्या, ऐकू जाते.

पण त्याआधी नॉर्वेचा अलेक्सांडर किल्डे येऊन गेला होता. उडी नेटकी, काही वावगं नाही. मी पडद्याकडे वळले, आकडे पाहिले, पुढच्याची वाट पाहू लागले. मग पडद्यावर तो शेवटच्या एस-वळणात पडला आणि घसरत जाळीत गेला. आमच्या डोंगरावरच्या घंटा एकेक करत थांबल्या. कोणी शेवटची घंटा हाताने धरून बंद केली, तो दबका आवाजही आठवतोय. वर पुढचे स्कीअर थांबवून ठेवलेले. बऱ्याच वेळाने हेलिकॉप्टर आलं. आजोबांनी टोपी काढून हातात धरली होती, तेवढ्या थंडीत.

ओडरमाट जिंकला, सिप्रियें साराझाँ दुसरा, डोमिनिक पारिस तिसरा. खाली उत्सव सुरू होता म्हणे. मी वेंगेनला उतरले तेव्हा भाऊ स्टेशनाबाहेर उभा होता, फोनची बॅटरी संपलेली, नाक लाल. शेवटचं वळण त्याच्या अगदी समोर होतं.

‘‘तुला दिसला का गं किल्डे?’’ त्याने विचारलं.

‘‘उडी दिसली.’’

‘‘कशी होती?’’

‘‘चांगली घेतली होती त्याने. मस्त.’’

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘इथून फक्त पाय दिसत होते, ताई. आधीच डगमगत होते.’’

लाउटरब्रुनेनला परत जायची रांग तासाभराची होती, म्हणून आम्ही गावातच फिरलो आणि अंधार पडल्यावर गाडी धरली. तेव्हा बसायलाही जागा मिळाली. रविवारी स्लॅलमला एकत्रच गेलो. स्लॅलममध्ये खाली उभं राहून उताराचा बराच भाग दिसतो आणि दोन फेऱ्या असतात, त्यामुळे भांडायला कारण नसतं. मानुएल फेलर जिंकला. पुठ्ठा मी रविवारीही नेला होता, भावाला अर्धा फाडून दिला.