हामार: रात्री 2:32 पर्यंत जागलेलं गाव

धाकटी बहीण नॉर्वेत ऑस्लोला असते. जानेवारीत तिच्याकडे गेले तेव्हा एकच हट्ट धरला होता, हामारला जाऊन तिथल्या स्तूरहामार या आइस हॉकी क्लबची मॅच बघायची. भारतात आइस हॉकी म्हटलं की लडाखचे गोठलेले तलाव आठवतात. तिथल्या मुलींना खेळताना पाहिल्यापासून या खेळाने मला धरून ठेवलंय.

ऑस्लो सेंट्रलवरून हामारला ट्रेनने साधारण सव्वा तास लागतो. गार्डरमोएन विमानतळ वाटेतच आहे, त्यामुळे थेट विमानतळावरूनही जाता येतं. तिकीट रेल्वेच्या ॲपवर जितकं आधी काढाल तितकं स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. शक्यतो डाव्या हाताची खिडकी पकडा. म्योसा हे नॉर्वेतलं सर्वांत मोठं सरोवर, आणि बराच वेळ रूळ त्याच्या काठाने जातात.

माझं ऐकाल तर उतरल्या उतरल्या स्टेडियम गाठू नका. आधी सरोवराच्या टोकाला, जुन्या कॅथीड्रलच्या अवशेषांकडे जा, कारण क्लबचं नाव तिथून आलंय. तिथे मध्ययुगात बिशपची गढी होती. 1567 मध्ये स्वीडिश सैन्याने ती उद्ध्वस्त केली. पुढे त्याच भिंतींवर शेतवाडी उभी राहिली, तिचं नाव स्तूरहामार, म्हणजे थोरलं हामार. वाडीच्या जुन्या गोठ्या-कोठारात स्वेरे फेन या वास्तुकाराने संग्रहालय केलंय. पडक्या भिंतींना धक्का न लावता काँक्रीटचा एक उतार त्यांच्यावरून तरंगत नेलाय. कॅथीड्रलच्या उरलेल्या कमानींवर काचेचं भलंमोठं छत आहे. बाहेर बर्फ आणि आत ते राखाडी दगड, हे बघताना मला बोलवेना. हिवाळ्यात उघडण्याच्या वेळा कमी असतात, त्या आधी बघूनच निघा.

या वाडीच्या नावाच्या वस्तीत 1957 साली क्लब स्थापन झाला. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला 1995 उजाडलं. अडतीस वर्षं! मधल्या काळात गावाचं नशीब बदललं ते 1994 च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकमुळे. हामारच्या वाट्याला दोन मोठी सभागृहं आली. एक उलट्या व्हायकिंग जहाजासारखं, स्पीड स्केटिंगचं. दुसरं ॲम्फी, म्हणजे आजचं स्तूरहामारचं स्टेडियम, जिथे फिगर स्केटिंग आणि शॉर्ट ट्रॅक झालं. युक्रेनच्या ओक्साना बाइउलने फिगर स्केटिंगचं सुवर्ण जिंकलं ते इथेच. ऑलिंपिकची हॉकी मात्र हामारला मिळाली नाही, ती लिलेहामर आणि यॉविकला झाली. त्या वर्षीचं नॉर्वेचं विजेतेपदही शेजारच्या लिलेहामरने नेलं. हामारकरांनी त्याला उत्तर दिलं ते 1995, 1996 आणि 1997 अशी सलग तीन वर्षं जिंकून. आयतं मिळालेलं सभागृह कुणी असं सार्थकी लावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

नकाशावर सभागृह 'सीसी ॲम्फी' या नावाने शोधा. आत शिरल्यावर पहिल्यांदा वर बघा. लाकडाचे थर चिकटवून केलेल्या प्रचंड तुळयांवर सगळं छत पेललंय. पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, कडेच्या फळीवर आदळला की बंदुकीसारखा आवाज होतो आणि तो त्या लाकडात थोडा वेळ घुमत राहतो. टीव्हीवर यातलं काही कळत नाही. खेळाडू वळतो तेव्हा स्केटच्या पात्याने उडालेला बर्फाचा भुगा पहिल्या काही रांगांतून अगदी स्पष्ट दिसतो. पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मधल्या उंचीवर बसावं, खेळ समजतो. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, गोलकीपर धरून प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर, आणि खेळाडू जेमतेम मिनिटभरात बदलतात. नजर पकवरून हटवू नका, तो कधीमधी प्रेक्षकांतही येतो.

माझ्या शेजारी एक आजी होत्या. निळा-पिवळा मफलर, पायाशी कॉफीचा थर्मास. इंग्रजी छान बोलत होत्या. मी 12 मार्च 2017 चा विषय काढला आणि त्यांनी समोरच्या गोलकडे बोट दाखवलं. "तुम्ही कुठून आलात, भारतातून? त्या रात्रीसाठी?" म्हणत माझा हात धरला.

ती रात्र अशी: क्वार्टर फायनलच्या मालिकेतला पाचवा सामना, समोर सार्प्सबोर्गचा स्पार्टा. रविवारी संध्याकाळी सहाला सुरू झाला. साठ मिनिटांनंतर 1-1. प्ले-ऑफमध्ये, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीत, बरोबरी चालत नाही, पहिला गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांची जादा सत्रं खेळायची. अशी सात सत्रं कोरडी गेली. आठव्यात योआकिम येन्सनने गोल केला तेव्हा घड्याळात 2:32 झाले होते आणि खेळाची 217 मिनिटं 14 सेकंद. व्यावसायिक हॉकीत एवढा लांब सामना त्याआधी झाला नव्हता. 1936 मधला डेट्रॉइट आणि माँट्रियलचा 176 मिनिटांचा विक्रम त्यात मोडला. हरलेल्या स्पार्टाचा गोलकीपर सॅम्युएल वॉर्ड याने 96 फटके अडवले. त्या पोराचं नाव आजींनी स्वतःच्या संघातल्या खेळाडूच्या मायेने घेतलं.

त्यांचे यजमान सकाळच्या पाळीमुळे मध्यरात्री घरी गेले. या थांबल्या. "नातू मांडीवर झोपला होता. गोल झाला तसा उठवला. रडला, पण आता सगळ्यांना सांगतो, मी तिथे होतो." पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, क्लबने विजेतेपद मिळवलं. याच क्लबात तयार होऊन एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या हॉकी लीगमध्ये खेळलेला पॅट्रिक थोरेसन तेव्हा परत आला होता. 2024 आणि 2025 चं विजेतेपदही इथेच आलं.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळा. रोख पैसे फारसे लागत नाहीत, कार्ड जवळ ठेवा. सभागृहाच्या आतही गारठा असतो, दोन थर घालून बसा, आणि बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आधीच विकत घ्या, रस्ते नुसते काचेसारखे होतात. शाकाहारी असाल तर तपकिरी चीज घातलेला व्हॅफल मागा, पोटभर होतो. हंगाम सप्टेंबरपासून वसंतापर्यंत चालतो. साध्या लीगच्या मॅचनंतर ऑस्लोची शेवटची गाडी सहसा गाठता येते, तरी वेळ तपासा. पण मार्चमधला प्ले-ऑफ बघायला जात असाल तर परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, हामारला खोली घ्या.