पोर्ट ऑफ स्पेनमधला गारठा

पोर्ट ऑफ स्पेनच्या हिल्टन हॉटेलात खोलीकडे जायचं म्हणजे लिफ्टनं खाली उतरायचं. १९६२ साली, म्हणजे त्रिनिदाद आणि टोबॅगो या कॅरिबियन देशाला (पोर्ट ऑफ स्पेन ही त्याची राजधानी) स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, हे हॉटेल टेकडीच्या उतारावर उभं राहिलं. गाडी वरच्या अंगाला येऊन थांबते, लॉबी तिथेच, आणि खोल्यांचे मजले तिच्या खाली डोंगराला पाठ टेकून उतरत गेलेले. लोक त्याला ‘उलटं हॉटेल’ म्हणतात. समोर क्वीन्स पार्क सवाना हे सुमारे २६० एकरांचं मैदान, त्याच्या पश्चिम कडेला ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ नावानं ओळखले जाणारे सात जुने वाडे, आणि शहराच्या छपरांवरून दिसणारं पारियाचं आखात.

आखात दिसलं म्हणून लगेच बॅगेतून पोहायचे कपडे बाहेर काढू नयेत. हे बंदराचं पाणी आहे. त्यात ओरिनोको नदीचा गाळही येऊन मिसळतो, त्यामुळे ते जाहिरातीतल्यासारखं निळंशार नसतं. किनारा हवा असेल तर डोंगर ओलांडून माराकासला जायचं, नाहीतर विमानानं किंवा बोटीनं टोबॅगो बेटावर. शहरातली मोठी हॉटेलं किनाऱ्यासाठी बांधलेलीच नाहीत. तेल आणि नैसर्गिक वायू हा या देशाचा मुख्य धंदा. त्यासाठी येणारे इंजिनिअर, बँकवाले, सरकारी पाहुणे हे इथलं खरं गिऱ्हाईक. राइटसन रोडवर धक्क्यालगत २००८ साली हयात हॉटेल उघडलं आणि २००९च्या एप्रिलमध्ये अमेरिका खंडातल्या राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद तिथेच भरली, यावरून काय ते समजावं. या गिऱ्हाइकामुळे इथलं गणितही रिसॉर्टच्या उलट चालतं. सोमवार ते गुरुवार खोल्या महाग, शुक्रवार-शनिवारी बऱ्याचदा स्वस्त. रविवारी मात्र आसपासचा बाजार इतका सामसूम की साधी टूथपेस्ट घ्यायची तरी हॉटेलच्या दुकानाची पायरी चढावी लागते.

मग अशा हॉटेलात एवढे पैसे मोजून मिळतं काय? गाद्या-उशा चांगल्या असतात, पोहण्याचा तलाव असतो, ते सगळं खरं. पण पहिल्यांदा आणि सगळ्यात जास्त विकत मिळते ती कोरडी हवा. मुंबईच्या जुलैत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये दुपारी ३१-३२ अंश आणि पहाटे २३-२४, असा प्रकार जवळजवळ वर्षभर. हवेत बाष्प एवढं की २३-२४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. खोलीतला एसी १८वर ठेवला तर काच, आरसा, फरशी, कॅमेरा, चष्मा सगळंच त्या रेषेखाली जातं. अशा वेळी ‘जरा मोकळी हवा घेऊ’ म्हणून बाल्कनीचं दार दहा मिनिटं उघडं टाकलं की आरशावर धुकं, फरशीवर ओल आणि चादरीला दमट वास. बऱ्याच हॉटेलांत दाराच्या चौकटीला सेन्सर असतो आणि दार उघडताच एसी बंद पडतो. पाहुणा मग खाली फोन करून तक्रार करतो, माणूस येतो, दार लावतो, एसी सुरू होतो. तो माणूस हे दिवसातून किती वेळा करत असेल, देव जाणे.

अमेरिकी धाटणीच्या हॉटेलांत भिंतीवरचा आकडा फॅरनहाइटमध्ये असू शकतो. ६८ दिसलं म्हणून घाबरू नये. ते २० अंश झाले, आणि तेही जास्तच थंड. ७५ म्हणजे जवळपास २४, तिथे ठेवावं. त्याहून महत्त्वाचं बटण पंख्याचं. ‘ऑन’ आणि ‘ऑटो’ असे दोन पर्याय असतील तर ‘ऑटो’ निवडावा. एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि निचऱ्याच्या नळीनं बाहेर जातं. थंडावा देणं थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर त्या नळ्यांवरचं ओलं पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीतच येतं. ‘ऑटो’वर पंखाही थांबतो आणि पाणी निथळून जातं. काही खोल्या गार असूनही चिकट वाटतात, त्याचं कारण बहुधा खोलीच्या मानानं एसी मोठा असतो. तो चार मिनिटांत तापमान उतरवतो आणि हवा कोरडी व्हायच्या आत थांबतो. अशा खोलीत आकडा अजून खाली नेला तर गारठा वाढतो, चिकटपणा तसाच. म्हणून खोली ताब्यात घेताना नळ-दिवे बघण्याआधी कपाट उघडून आत वास घ्यावा आणि पडद्याची खालची कड हातात धरून पाहावी. कुबट वास आला तर बॅग उघडायच्या आतच दुसरी खोली मागावी. बॅग उघडल्यावर माणसाचा आळस जिंकतो.

हिल्टनच्या सवानाकडच्या खोल्यांना दृश्य मिळतं, पण त्याबरोबर मावळतीचं ऊनही मिळतं. दुपारी तीननंतर जाड पडदा ओढून ठेवला नाही तर एसी संध्याकाळपर्यंत धापा टाकतो. कॅमेरा बाहेर नेताना तो खोलीतच हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि बाहेर गेल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नये. धुकं धरायचं ते पिशवीवर धरेल, भिंगावर नाही. ओले कपडे बाल्कनीत टाकण्यापेक्षा एसीच्या झोतासमोर खुर्चीवर टाकले तर लवकर वाळतात. बाल्कनीत ते रात्रभर तसेच राहतात. शिवाय दिवसा चावणारे डेंग्यूचे डास त्याच दारानं आत येतात, हे वेगळंच.

लॉबी आणि सभागृहं तर खोलीपेक्षाही गार. तिथे सूट घालून बसायची पद्धत आहे आणि एसी सुटाच्या मापानं लावलेला असतो. पातळ शाल किंवा जाकीट हाताशी हवंच. जाकीट घ्या, पण लष्करी ठिपक्यांच्या छापाचं नको. तसले कपडे घालणं त्रिनिदादमध्ये बेकायदा आहे, आणि तो नियम लहान मुलांच्या चड्डीलाही लागू होतो.

आता चहा. मराठी माणसाची या हॉटेलांत खरी पंचाईत इथे होते. खोलीत कॉफीचं यंत्र असतं, किटली असेलच असं नाही. यंत्रातून नुसतं गरम पाणी काढून त्यात चहाची पुडी बुडवली तर चहाला कॉफीचा वास येतो; आधी दोन वेळा साधं पाणी सोडून ओतून द्यावं, मग तो बराचसा जातो. दुधाच्या जागी पांढरी भुकटी असते, ती दूध नव्हे. गरम दूध रूम सर्व्हिसकडून मागवता येतं, आणि बिलावर त्याचा आकडा बघून चहा जरा जपूनच प्यायला जातो.

घरून किटली नेण्याचा विचार मनात येईल. इथली वीज ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ, आणि प्लग दोन चपट्या पट्ट्यांचा. आपली २३० व्होल्टची हजार वॅटची किटली अडॅप्टर लावून जोडली तर व्होल्टेज निम्मं आणि त्यामुळे ताकद पाव, म्हणजे अडीचशे वॅट. अर्धा लिटर पाणी घरी तीन मिनिटांच्या आत उकळतं, त्याला इथे दहा मिनिटांहून जास्त लागतात. किटली बिघडलेली नसते, तिला पुरेसं खायला मिळत नाही इतकंच. उलटा व्यवहार मात्र धोक्याचा. तिकडे घेतलेला ११५ व्होल्टचा केस वाळवायचा ड्रायर पुण्यात येऊन लावला की चौपट ताकद ओढतो आणि जळतो. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यांना अडॅप्टर पुरतो. सगळ्यात सोपं म्हणजे हाउसकीपिंगला फोन करून किटली मागावी. बहुतेक वेळा मिळते.

न्याहारीचं टेबल मोठं असतं आणि त्यावर अर्धं अमेरिकेचं आणि अर्धं घरचं. कॅलालू नावाचं गडद हिरवं कालवण दिसेल. डॅशीन म्हणजे अळूच. त्याची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध एकत्र शिजवून ते करतात. आपल्या अळूच्या फतफत्याशी त्याचं नातं कोणालाही ओळखता येईल, फक्त चिंचगूळ नाही. शाकाहारी मंडळींनी वाढून घेण्याआधी विचारावं, कारण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असण्याची शक्यता मोठी. सहीना नावाचा तळलेला प्रकार तर आणखी जवळचा: अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेला. सहीना इथे आला तो १८४५पासून मळ्यांवर मजुरीसाठी आणलेल्या भारतीयांबरोबर. त्या मजुरांतले बहुतेक भोजपुरी मुलखातले होते, कोकणातले नव्हेत. तरी अळूवडीचा अंदाज दोन्हीकडे सारखाच बसला. बुलजॉल म्हणजे खारवलेला कॉड मासा, कांदा-टोमॅटो घालून. सुक्या मासळीवर वाढलेल्यांनी तो ‘बेक’ नावाच्या तळलेल्या पावाबरोबर खावा आणि बाकी टेबलाकडे बघू नये.

पण आमचं मत विचाराल तर एक सकाळ तरी हॉटेलची न्याहारी सोडावी आणि रस्त्यावर ‘डबल्स’ खावेत. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांना म्हणतात बारा. वर छोल्यांचा रस्सा, कुचेला म्हणजे कैरीच्या किसाचं लोणचं, चिंचेची चटणी आणि तिखट सॉस. विक्रेता विचारतो, तिखट किती? ‘स्लाइट’ म्हणावं. ही मिरची स्कॉच बॉनेट जातीची, लवंगी मिरचीची ऐट तिच्यापुढे चालत नाही. कागदात गुंडाळलेले डबल्स उभ्यानंच खायचे, एका बाऱ्यानं छोले उचलत. किंमत हॉटेलातल्या कॉफीच्या एका घोटाइतकी. विक्रेते सकाळी लवकर उभे राहतात आणि माल संपला की निघून जातात, म्हणून नऊ वाजता डोळे चोळत जाण्यात अर्थ नाही. भारतातून नुकत्याच गेलेल्या माणसाला ते जड जाऊ नये. घड्याळ साडेनऊ तास मागे गेलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनलाच जाग येते.

बिलाची गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. दर बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये सांगतात आणि त्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात. त्यातलं एक १० टक्के सेवाशुल्काचं, दुसरं १० टक्के कराचं. म्हणजे दोनशेची खोली दोनशे चाळीसच्या घरात जाते. सेवाशुल्क लागलेलं असूनही रेस्तराँच्या बिलावर टिपसाठी रिकामी ओळ असते. ती रिकामी ठेवली तर कोणी वाईट मानत नाही. चेक-इनच्या वेळी रात्रीच्या हिशेबानं अनामत रक्कम कार्डावर अडकवतात. हॉटेल सोडल्यावर ती सुटायला काही दिवस लागतात. क्रेडिट कार्ड दिलं तर फक्त मर्यादा अडते, डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडतात आणि प्रवासाच्या मधोमध हात आखडतो. कार्डावर परदेशी व्यवहार भारतातून निघायच्या आधीच सुरू करून घ्यावेत. मशीननं ‘रुपयांत द्यायचे का’ असं विचारलं तर नाही म्हणावं, कारण तो दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो.

टॅक्सी हॉटेलकडून ठरवावी. भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटची सुरुवात ‘एच’नं होते, खासगी गाडीची ‘पी’नं, एवढं पाहून बसावं. अंधार सहा-साडेसहाला झपकन पडतो. त्यानंतर सवानाभोवती एकट्यानं फिरायला जाऊ नये. हा सल्ला हॉटेलवालेही देतात आणि तो ऐकण्यासारखा आहे.

कार्निव्हलच्या आठवड्यात वरचं बरंचसं लागू पडत नाही. ऍश वेन्सडे, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार, त्याच्या आधीचे सोमवार-मंगळवार हे मुख्य दिवस. त्या काळात दर कित्येक पटींनी चढतात, चार-पाच रात्रींच्या आत खोली देत नाहीत आणि भरलेले पैसे परत मिळत नाहीत. सोमवारी पहाटेच जूवे सुरू होतो, माणसं चिखल आणि रंग फासून नाचतात. काही हॉटेलं लॉबीतल्या फरश्या आणि सोफे प्लास्टिकनं झाकून ठेवतात. झोपेसाठी आलेल्यांनी या आठवड्यात येऊच नये.

क्रिकेटवेड्यांसाठी क्वीन्स पार्क ओव्हल सवानापासून जवळच आहे. १९७१च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच. गोव्याच्या दिलीप सरदेसाईंचं शतक आणि सुनील गावसकरांचं पदार्पण, दोन्ही त्याच कसोटीत. पुढच्याच महिन्यात गावसकरांनी याच मैदानावर एका कसोटीत १२४ आणि २२० काढले. सामना नसला तरी बाहेरून मैदान पाहायला हरकत नाही, फक्त दुपारचं ऊन टाळावं.

परतीच्या दिवशी पियार्को विमानतळाचं अंतर नकाशावर पंचवीसेक किलोमीटर दिसतं, पण कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळी हमरस्ता तुंबतो. दीड तास हातात धरून निघावं. त्रिनिदादचे डॉलर देशाबाहेर कोणी विचारत नाही. उरलेले विमानतळाबाहेरच्या डबल्सवाल्याला देऊन टाकावेत. आणि तिखट सॉसची बाटली घेतली असेल तर ती हातातल्या पिशवीत नको. शंभर मिलिलिटरच्या वरची बाटली तपासणीत काढून घेतात. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, पांढऱ्या कपड्यांपासून लांब.