वहीचा कागद आड धरला, तरी सिग्नल तसाच

प्रकल्पासाठी सरांनी माझ्या हातात काचेची एक पट्टी ठेवली. तिच्यावर काजळीसारखी काळी, पातळ फिल्म होती. कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची; जवळपास सगळ्या नळ्या एकाच दिशेनं झोपवलेल्या. "हिनं टेराहर्ट्झ लहरी पकडून दाखव," एवढंच म्हणाले. या लहरी सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण यांच्या मधल्या.

आमच्या स्रोताची वारंवारता ०.३ टेराहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १ मिलिमीटर. या फोटॉनची ऊर्जा इतकी कमी, की खोलीच्या तापमानाची ऊर्जा तिच्या २० पट भरते. फोटॉननं थेट इलेक्ट्रॉन मोकळा करायचा, ही कॅमेऱ्याच्या सेन्सरची युक्ती इथं चालत नाही. म्हणून उष्णतेचा मार्ग धरला. लहरी शोषून फिल्मचं एक टोक किंचित तापतं, दुसरं थंड राहतं आणि त्या फरकातून मायक्रोव्होल्टमध्ये व्होल्टेज मिळतं. बॅटरी नको, थंड करायला द्रव हेलियम नको.

बीमच्या वाटेत चॉपर होता, म्हणजे बीम ठरावीक वेगानं अडवत-सोडत राहणारी फिरती चकती. त्याच तालातला बारीक सिग्नल गोंगाटातून वेगळा काढतो तो लॉक-इन ॲम्प्लिफायर. तिसऱ्याच दिवशी त्याच्यावर आकडा दिसला. खात्री करायला वहीचं पान बीमच्या आड धरलं. आकडा हलेना! म्हणजे सिग्नल खोटाच की काय? त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सरांनी जगदीशचंद्र बोस यांची गोष्ट सांगितली. १८९५ च्या सुमारास कोलकात्यात ते मिलिमीटर लहरींवर काम करत होते. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथिलाचे पातळ पत्रे घालून त्यांनी त्या पुस्तकाचाच ध्रुवक केला होता, म्हणजे विद्युतक्षेत्र एका ठरावीक दिशेत असलेल्या लहरीच पुढे जाऊ देणारी चाळणी. कोरडा कागद या लहरींना अडवतच नाही, अडवतो तो धातू.

मग ॲल्युमिनियमची पट्टी धरली. आकडा निम्म्यावर आला, पण शून्य होईना. उरलेला निम्मा खोटा होता. चॉपरच्या मोटरची वायर सिग्नलच्या वायरीला लागून गेली होती. वायरी लांब केल्या, अर्थिंग नीट केलं, तेव्हा कुठे पट्टीआड शून्य आलं. तेच वहीचं पान ओलं करून धरलं, तेव्हाही सिग्नल जवळजवळ नाहीसा झाला, कारण पाणी या लहरी शोषून घेतं.

सिग्नल खरा होता, पण फार बारीक. फिल्मची उष्णता काच पिऊन टाकत होती. फिल्म सोडवून दोन इलेक्ट्रोडांमध्ये हवेत ताणायची ठरवलं. तीन फाटल्या, चौथी टिकली आणि सिग्नल कितीतरी पटींनी वाढला. बीम डाव्या टोकावर असताना धन, मधोमध शून्य, उजव्या टोकावर ऋण. हे पाहताना मला फार आनंद झाला.

शेवटी फिल्म ९० अंशांत फिरवली. नळ्या लहरींच्या विद्युतक्षेत्राला आडव्या झाल्या आणि आकडा घसरला. बोस यांचं वेळापत्रक पुन्हा आठवलं. सरांनी वहीत त्या आकड्याखाली तारीख घातली.