तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटिव्हायरस?

“कुठला अँटिव्हायरस टाकू?” सोलापुरात नवी पेठेत, लग्नाच्या पंगतीत, सात रस्त्यावर सिग्नलला गाडी थांबलेली असताना, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, कंपनीचं नाव. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न तयार: स्वस्तात कुठे मिळेल? मशीनमध्ये रॅम किती, हार्डडिस्क आहे की एसएसडी, घरात ते कोण कोण वापरतं, असं मी उलट विचारलं की लोकांना वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

दहा-बारा वर्षांपूर्वी याचं उत्तर सोपं होतं: विकतचा बॉक्स घ्या. पुण्याच्या क्विक हीलचा घ्या, चेन्नईच्या के-सेव्हनचा घ्या, पण घ्या. तेव्हा ते बरोबरच होतं. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही प्रयोगशाळा संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी 6 असे एकूण 18 गुण देते, आणि विंडोजमध्येच बसवून येणारा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस, डिफेंडर, त्या काळी तिच्या तक्त्यात तळाला असायचा. आता तोच डिफेंडर 18 च्या आसपास असतो. बाकीची नावाजलेली पॅकेजंही तिथेच दाटीवाटीनं बसलेली असतात. त्यामुळे अर्ध्या गुणाच्या फरकावर भांडण्यात अर्थ नाही. त्या तक्त्यावरून कोण नको एवढंच कळतं.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या एव्ही-कंपॅरेटिव्हज या दुसऱ्या प्रयोगशाळेचे अहवाल मला जास्त कामाचे वाटतात, पण बक्षिसांचे तारे सोडून आतले आकडे बघा. खोट्या धोक्याच्या सूचना किती आल्या, मशीन किती मंदावलं, आणि नेट बंद असताना किती व्हायरस पकडले. हा शेवटचा आकडा आपल्याकडे कुणी बघत नाही. डिफेंडरची बरीच अक्कल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे, नेट तुटलं की त्याची पकड सैल होते. दिवसभर फायबर चालू असलेल्या घरात याचा काही फरक पडत नाही. पण नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तेही गरजेपुरतं, आणि झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह रोज ये-जा करतोय, अशा घरात मी अजूनही विकतच्या पॅकेजकडे झुकतो.

आता तुमच्या मशीनवरची पारख. ट्रायल साधारण 30 दिवसांची मिळते, ती वापरा. जुना अँटिव्हायरस आधी काढा, त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर ड्रायव्हर मागे राहतात आणि दोन पहारेकरी एकाच फाइलवर झडप घालून मशीन अडकवतात. नवीन टाकण्याआधी आणि टाकल्यावर तीच कामं घड्याळ लावून करा: चालू करण्यापासून ब्राउझर उघडेपर्यंतचा वेळ, आणि हजारो बारीक फाइलींचं चार-पाच जीबीचं फोल्डर कॉपी करण्याचा वेळ. एकच मोठा सिनेमा कॉपी करून काही कळत नाही, कारण तपासणीचा खर्च दर फाइलमागे असतो. टाकल्यानंतरचं पहिलं माप सोडून द्या. नवं सॉफ्टवेअर सुरुवातीला प्रत्येक फाइल तपासून तिची नोंद ठेवत असतं. आणि दोन्ही मापं दिवसाच्या एकाच वेळेला घ्या. मे महिन्यात सोलापुरात दुपारी पारा 42-43 वर असतो, पंख्यात धूळ बसलेला लॅपटॉप गरम होऊन आपोआप वेग कमी करतो आणि शिव्या बसतात अँटिव्हायरसला. चार जीबी रॅम आणि जुनी हार्डडिस्क असेल तर कुठलंही पॅकेज टाका, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्केच दिसणार. ते पैसे एसएसडीवर, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर घाला.

खरे व्हायरस उतरवून चाचणी घ्यायची नाही. आयकार या संस्थेची 68 अक्षरांची निरुपद्रवी फाइल त्यासाठीच आहे. ती उतरवताच पकडली गेली पाहिजे. त्यातून पहारा चालू आहे एवढंच कळतं, किती चांगला आहे ते नाही.

हे सगळं केलं तरी काय होतं, ते जुळे सोलापुरातल्या एका घरच्या मशीनवरून सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या मशीनमध्ये आहे. विंडोज 10, पैसे भरलेला, मुदतीतला, रोज अपडेट होणारा अँटिव्हायरस. कॉलेजच्या मुलाला व्हिडिओ एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर फुकट हवं होतं. क्रॅकची, म्हणजे पैसे न भरता चालणाऱ्या चोरट्या आवृत्तीची, झिप फाइल आली, तिला पासवर्ड, आणि पासवर्ड फाइलच्या नावातच लिहिलेला. लोकांना वाटतं ही चोरांची हौस आहे. तसं नाही. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून ती डाउनलोड होताना सुटते. उघडल्याबरोबर अँटिव्हायरसनं आतली सेटअप फाइल पकडली. पण सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये सूचना होतीच: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, क्रॅकला तो चुकून व्हायरस समजतो.’ मुलानं एका तासासाठी पहारा बंद केला आणि क्वारंटाइनमधून, म्हणजे पकडलेल्या फाइलींच्या कोठडीतून, फाइल परत काढली.

सेटअप चालवल्यावर काहीच उघडलं नाही. विंडोज अपडेट चालू असल्याची खिडकी मात्र आली. ती खोटी होती. तिच्याआड फाइली कुलूपबंद होत होत्या. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं नवं शेपूट, प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी: 980 डॉलर, 72 तासांत दिलेत तर निम्मे, 490. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावानं ओळखला जाणारा हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, नेमका घरगुती मशीनवर, क्रॅकच्या वाटेनं येतो. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क होती, पण ती कायम जोडलेली. तीही गेली. विंडोजनं स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती हा आधीच पुसतो.

यावर एमसिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीचं मोफत डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर आहे, 2019 मध्ये आलेलं. पण नव्या प्रकारांत ते चालायचं तर दोन गोष्टी जुळाव्या लागतात. फाइली ऑफलाइन किल्लीनं बंद झालेल्या हव्यात, म्हणजे त्या क्षणी चोरांच्या सर्व्हरशी संपर्क झालेला नको. आणि ती किल्ली कुणीतरी मिळवून दिलेली हवी. चिठ्ठीतला आयडी ‘टी-वन’नं (t1) संपत असेल तर किल्ली ऑफलाइन. इथे तसा नव्हता. घरात नेट उत्तम चालत होतं, तेच नडलं. हा प्रकार प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबी भागच बिघडवतो, त्यामुळे लग्नाचे मोठे व्हिडिओ त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली क्लिप नमुना म्हणून वापरून बरेचसे दुरुस्त झाले. वर्ड-एक्सेलच्या छोट्या फाइली पूर्ण गेल्या. याच्यासोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो. म्हणून फॉरमॅट करण्याआधीच दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून मेल आणि बँकेचे पासवर्ड बदलायचे आणि सगळीकडून लॉगआउट करायचं. लोक आधी फोटोंसाठी रडतात आणि हे आठवड्यानं करतात.

आणि मग वडिलांचा प्रश्न आला: “हा तर बोगस निघाला. आता कुठला घेऊ?”

अहो, त्यानं पकडला होता!

तरीही सॉफ्टवेअरची काहीच चूक नाही असं मला म्हणता येत नाही. घरातल्या कुणालाही दोन क्लिकमध्ये पहारा उठवता येत असेल, तर पारख करताना तेच आधी बघायला हवं. बहुतेक विकतच्या पॅकेजांत सेटिंगला पासवर्ड लावता येतो. तो सुरुवातीला लावलेला नसतो, आपण लावायचा. डिफेंडरला असा वेगळा पासवर्ड नाही. त्याचं टॅम्पर प्रोटेक्शन दुसऱ्या प्रोग्रामला अडवतं, अ‍ॅडमिन खात्यावर बसलेल्या माणसाला नाही. म्हणून मुलाला स्टँडर्ड खातं द्या, मग बंद करायला तुमचा पासवर्ड लागेल. यावर लगेच तक्रार येते की गेम टाकताना दर वेळी पासवर्ड द्यावा लागतो. हो, लागतो. आणि बरेच पालक महिन्याभरात तो पासवर्ड मुलालाच सांगून मोकळे होतात, हेही मला माहीत आहे. त्याला माझ्याकडे उपाय नाही.

डिफेंडरमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ आहे, मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. जुनं मराठी टायपिंगचं किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअरही मग अडू शकतं, त्याला परवानगीच्या यादीत घाला. पहिला आठवडा कटकट होते.

फुकटच्या पॅकेजांबद्दल थोडक्यात. अवास्टनं ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली, त्यावर 2024 मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेनं 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट बसलेला असताना दुसरं फुकट कशाला, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

‘तुमचा अँटिव्हायरस संपला, ताबडतोब रिन्यू करा’ अशी चौकट कोपऱ्यात उड्या मारत असेल तर ती बहुधा अँटिव्हायरसची नसतेच. कुठल्याशा साइटला तुम्ही ‘अलाउ’ म्हटलेलं असतं. क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडा, अनोळखी नावं उडवा, संपलं. त्या चौकटीतल्या नंबरवर फोन करून एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून तुमचं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर, उघडून दिलंत तर मात्र कुठलंही पॅकेज वाचवणार नाही, कारण एनीडेस्क हा व्हायरस नाही. पैसे गेले तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका.

विंडोज 10 वाल्यांचं मात्र माझंच अजून ठरलेलं नाही. मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव नोंदवलं तर ऑक्टोबर 2026 पर्यंत. डिफेंडरच्या व्याख्या, म्हणजे व्हायरस ओळखायच्या याद्या, ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहतील, त्यामुळे हिरवी खूण दिसत राहील आणि खाली विंडोजमधली भोकं उघडीच राहतील. विकतचं पॅकेजही ती भोकं बुजवत नाही. एकीकडे म्हणावंसं वाटतं, मशीन बदला. दुसरीकडे, मुलांच्या अभ्यासापुरत्या चालत्या मशीनसाठी ते सांगायला जीभ रेटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल तेव्हा विंडोज बटण आणि आर एकत्र दाबा, ‘विनव्हर’ (winver) असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा, आणि विंडोजची आवृत्ती सांगणारी जी खिडकी उघडेल तिचा फोटो पाठवा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानाचाही एक. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड घरात कुणाकुणाला माहीत आहे, तेही कळवा.