सहा तास अडकून बसणारं टेक्नेशियम

न्यूक्लियर फिजिक्सच्या पेपरात सिलेक्शन रूल्सवर (न्यूक्लियस एका लेव्हलवरून दुसरीवर कुठल्या उडीने जाऊ शकतो याचे नियम) प्रश्न हमखास असतो आणि बहुतेक पोरं ई१, एम१, ई२ वाला तक्ता (ई म्हणजे इलेक्ट्रिक, एम म्हणजे मॅग्नेटिक, आकडा म्हणजे फोटॉन अँग्युलर मोमेंटमचे किती युनिट नेतो) घोकतात, पेपरात ओकतात, संपलं. तक्ता बरोबरच आहे, पण कुठला रस्ता चालतो नि कुठला नाही एवढंच तो सांगतो, किती वेळ लागेल ते नाही, आणि माझ्या मते खरी गंमत त्या वेळेतच आहे.

उत्तेजित न्यूक्लियस खाली येताना फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतो, आणि तो फोटॉन नुसती एनर्जी नेत नाही, अँग्युलर मोमेंटम म्हणजे फिरकीही नेतो, कमीत कमी एक युनिट. अवकाशात सगळ्या दिशा सारख्या, या सिमेट्रीमुळे तो हिशोब पै न पै जुळावाच लागतो. वर आरशातली सिमेट्री म्हणजे पॅरिटी, प्रत्येक लेव्हलची ती प्लस किंवा मायनस असते. बीटा क्षयामागचं वीक इंटरॲक्शन ती मोडतं (हे दाखवणारा, भौतिकशास्त्रज्ञ वू बाईंचा कोबाल्ट-६० वाला प्रयोग आठवा), पण गॅमा, म्हणजे न्यूक्लियसमधून निघणारा हा फोटॉन, पडलं इलेक्ट्रोमॅग्नेटिक काम, तिथे पॅरिटीही जुळवावी लागते.

आता टेक्नेशियम-९९एम घ्या (एम म्हणजे मेटास्टेबल, वरच्या लेव्हलवर अडकलेलं). वरची लेव्हल सुमारे १४२.७ केईव्हीला (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं माप), स्पिन म्हणजे न्यूक्लियसचा स्वतःचा अँग्युलर मोमेंटम १/२, पॅरिटी मायनस. ग्राउंड स्टेट, म्हणजे सगळ्यात खालची लेव्हल, ९/२ प्लस. थेट उडी मारायची तर फोटॉनला किमान चार युनिट न्यावे लागतात आणि पॅरिटीही बदलायची, म्हणजे एम४, जे जवळपास होतच नाही. मधे १४०.५ ला ७/२ प्लस अशी एक पायरी आहे, तिथवर ई३ ने जाता येतं, पण उडी फक्त २.१७ केईव्हीची! एवढ्याशा एनर्जीच्या फोटॉनची वेव्हलेंग्थ न्यूक्लियसच्या त्रिज्येच्या जवळजवळ लाखपट, आणि जितके युनिट जास्त न्यायचे तितका या गुणोत्तराचा फटका परत परत बसतो. त्यामुळे या उडीत फोटॉन बाहेर पडणं दुर्मिळच, बहुतेक वेळा ती एनर्जी अणूतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तोच बाहेर फेकला जातो. हे सगळं होऊन अर्धायुष्य निघतं सहा तास. त्यानंतरची ७/२ ते ९/२ उडी मात्र एका नॅनोसेकंदाच्याही आत, आणि तोच १४०.५ केईव्हीचा गॅमा हॉस्पिटलातला कॅमेरा टिपतो.

म्हणजे बोन स्कॅनला गेलेल्या माणसाला इंजेक्शन देऊन दोन-तीन तास बसवून ठेवतात, ते परवडतं कारण न्यूक्लियस तेवढा वेळ अडकलेलं असतं. ही लेव्हल नॅनोसेकंदात रिकामी होत असती तर सिरिंज भरेपर्यंतसुद्धा काही उरलं नसतं. टेक्नेशियम मिळतं मॉलिब्डेनम-९९ पासून, त्याचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणून जनरेटर, म्हणजे मॉलिब्डेनम भरलेलं उपकरण, आणून ठेवायचा नि त्यातून सलाइनने रोज ताजं काढून घ्यायचं. आपल्याकडे वाशीची ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था हे पुरवते.

पण काही रस्ते नुसते अवघड नसतात, पूर्ण बंद असतात. शून्य स्पिनवरून शून्य स्पिनवर एका फोटॉनने जाताच येत नाही, कारण काहीच न नेणारा फोटॉन नसतो. ऑक्सिजन-१६ ची पहिली उत्तेजित लेव्हल ६.०५ एमईव्हीला (म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट), शून्य प्लस, खाली ग्राउंड स्टेटही शून्य प्लस. मग गडी करतो काय, तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचा धन भाराचा जुळा) यांची जोडीच बाहेर टाकतो! त्याच्या जरा वर, ६.१३ ला ३ मायनस आहे, ती बिनबोभाट ई३ गॅमा देते. मला तर या दोन लेव्हल शेजारी शेजारी असणं म्हणजे शिकवायला आयतं उदाहरण वाटतं, पण वर्गात क्वचितच कोणी काढतं.

आणि अगदी टोकाची केस हवी असेल तर टँटलम-१८०. त्याची ग्राउंड स्टेट १ प्लस, ती आठेक तासांत अर्धी संपते, पण वर ७७ केईव्हीला ९ मायनस आहे आणि स्पिनमध्ये आठाचा फरक असल्यामुळे ती खाली यायचं नावच घेत नाही. निसर्गात सापडतं ते टँटलम-१८० हेच, उत्तेजित अवस्थेतलं, आणि लोक जमिनीखाली डिटेक्टर लावून बसलेत तरी त्याचा क्षय झालेला अजून कुणालाच दिसलेला नाही.